लेहचा रस्ता कुणाच्या हातचा?

 आज गटाच्या हिशेबाचा किंवा कर्जफेडीचा विषय नाही. आज एका रस्त्याचा इतिहास सांगायचा आहे. हा रस्ता आपल्यापासून फार लांब, देशाच्या उत्तर टोकाला आहे. हिमाचल प्रदेशातल्या मनालीहून तो निघतो आणि लडाखमधल्या लेहला पोहोचतो. लांबी सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. म्हणजे सोलापूरहून मुंबई गाठायची, जवळपास तेवढंच. पण सोलापूरची रात्रीची गाडी सकाळी मुंबईत असते. इथे मात्र दोन दिवस धरावे लागतात, आणि वर्षातले कित्येक महिने रस्ता बर्फाखाली बंदच असतो.

आमच्या सांगोला भागातल्या बचतगटांच्या आम्ही नऊ जणी गेल्या जुलैत भाड्याच्या गाडीने या रस्त्याने जाऊन आलो. जाण्याआधी मिळेल ते वाचलं, वाटेत भेटेल त्याला विचारलं. परत आल्यावर सगळ्या जणी विचारतात, बर्फ कसा होता, थंडी किती होती. ते सांगूच. पण आम्हाला जास्त सांगावंसं वाटतं ते असं, की हा रस्ता कुणी तुडवला, कुणी बांधला आणि तो नव्हता तेव्हा कुणी काय सोसलं.

मनालीच्या वर पहिली खिंड लागते ती रोहतांगची. उंची तेरा हजार फूट. आपलं कळसूबाईचं शिखर साडेपाच हजार फुटांच्या आतच आहे, यावरून अंदाज करा. रोहतांग या नावाचा अर्थ तिकडच्या भोटी भाषेत मढ्यांचं मैदान असा सांगतात. दुपारनंतर तिथे वारा सुटतो, बघता बघता बर्फाचं वादळ होतं, आणि अशा वादळात सापडलेली माणसं जागीच गारठून जायची. तरी माणसं जायची, कारण पलीकडे लाहौलचं खोरं आहे, त्याच्या पलीकडे लडाख, आणि त्याही पलीकडे तिबेट आणि यारकंदच्या बाजारपेठा.

मोटार येण्याआधी शेकडो वर्षं हा रस्ता म्हणजे एक पायवाट होती. घोडी, खेचरं, याक आणि मेंढ्यासुद्धा ओझी वाहायच्या. मेंढीच्या पाठीवर दोन बाजूंना लहान लहान पिशव्या बांधायच्या, त्यात मीठ नाहीतर धान्य. वरून खाली यायचं ते मीठ, लोकर आणि पश्मीना शालींची मऊ लोकर. खालून वर जायचं ते धान्य, कापड, साखर, चहा. १८२० साली विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा इंग्रज कुलूहून याच वाटेने रोहतांग आणि बारालाचा खिंडी ओलांडून लेहला गेला. त्यालाही रस्ता दाखवायला आणि सामान वाहायला त्या भागातलीच माणसं लागली. पुस्तकात नाव राहिलं साहेबाचं. ओझी वाहणारे पुस्तकात नाहीत.

लाहौलचे पुरुष व्यापाराला खेचरं घेऊन बाहेर पडले, की महिनोन्‌महिने घरी नसायचे. मग शेत कुणी करायचं? बायकांनी. पाटाचं पाणी धरायचं, पेरायचं, कापणी करायची, गुरांचा सहा महिन्यांचा चारा रचून ठेवायचा, जळण गोळा करायचं, हे सगळं बर्फ पडायच्या आत. तिथे एकच हंगाम मिळतो. तो चुकला तर वर्ष चुकलं. नवरा ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेल्या आपल्या बायांना हे वेगळं समजवायला नको.

रोहतांगच्या पलीकडे, केलाँगच्या थोडं अलीकडे तांदी नावाचं ठिकाण आहे. इथला पेट्रोल पंप प्रसिद्ध आहे, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी इथे लागलेली. आमच्या ड्रायव्हरदादांनी टाकी काठोकाठ भरून वर दोन कॅन घेतले. पण आमचं लक्ष खाली नदीकडे होतं. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी दोन नद्या निघतात, एक चंद्रा आणि एक भागा. त्या तांदीला एकमेकींना मिळतात आणि पुढे नदीचं नाव होतं चंद्रभागा. हीच खाली जम्मूकडे चिनाब होते. तिकडची कथा अशी, की चंद्राची मुलगी चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा यांचं लग्न इथे लागलं. आपल्या पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. दोन नद्यांचा पाण्याने काही संबंध नाही. पण नाव ऐकल्यावर आमच्यातल्या वारकरी मावशी खाली उतरल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि मग गाडीत बसल्या. पाणी इतकं गार, की बोटं बधिर झाली म्हणाल्या.

केलाँगला आम्ही दोन मुक्काम केले. उंचीची सवय व्हायला ते लागतातच. केलाँग हे लाहौल-स्पिती जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. १८४६ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जर्मनीकडचे मोरावियन मिशनरी इथे येऊन राहिले. त्यांच्यातल्या मारिया हायडे या बाई जवळजवळ चाळीस वर्षं केलाँगला होत्या. त्यांनी तिथल्या बायकांना सुयांवर मोजे विणायला शिकवलं. लोकर घरची होती, कातायची कला बायकांच्या हातात आधीपासूनच होती. नवी होती ती सुयांची विणकाम पद्धत. धर्म फार थोड्यांनी बदलला, पण मोजे घरोघरी गेले. नक्षी मात्र बायकांनी आपली घातली. तेच लाहौली मोजे आणि हातमोजे आता भौगोलिक मानांकन मिळवून बसलेत, म्हणजे लाहौलचे म्हणून त्यांची सरकारदरबारी नोंद झाली आहे, आणि तिथल्या बचतगटांच्या बायका ते विकतात. आम्हीही घेतले. आमच्याकडे धनगर बांधवांची घोंगडी आहे. तिला असं नाव आणि असा भाव मिळवायला काय करावं लागेल, ही चर्चा केलाँगच्या बाजारातच सुरू झाली आणि अजून चालू आहे.

आता या खोऱ्याचं मोठं दुखणं सांगतो. नोव्हेंबरच्या सुमाराला रोहतांगवर बर्फ साचला, की लाहौलचं दार बंद. ते उघडायचं थेट एप्रिल-मे महिन्यात. मधल्या काळात बाहेर जायचं तर हेलिकॉप्टर, तेही हवा चांगली असेल तर आणि नंबर लागला तर. नाहीतर जिवावर उदार होऊन पायी खिंड ओलांडायची. घरात धान्य होतं, जळण होतं, वाळवलेली भाजी होती. पण बाळंतपणात बाई अडली, रक्तस्राव सुरू झाला, तर काय? म्हणून दिवस भरत आलेल्या बायका, ज्यांना परवडेल त्या, बर्फ पडायच्या आधीच कुलूकडे नातेवाइकांत जाऊन राहायच्या. ज्यांचं खाली कुणी नाही, त्यांनी देवावर हवाला ठेवायचा. रस्ता म्हणजे डांबर नव्हे, रस्ता म्हणजे बाळंतिणीचा जीव, हे तिथल्या बायांना कुणी शिकवायला लागलं नाही.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून काढलेला अटल बोगदा सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची दहा हजार फूट. याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी कमी झालं. खोदकाम २०१० साली सुरू झालं होतं. आत सेरी नाल्याचं पाणी घुसत राहिलं. डोंगर ठिसूळ होता, उकरावं तितका गाळ खाली यायचा. तो ५८७ मीटरचा तुकडा पार करायला काही वर्षं गेली. जी खिंड ओलांडताना पिढ्यान्‌पिढ्या माणसं मेली, ती आम्ही गाडीत बसून दहा-बारा मिनिटांत मागे टाकली. बाहेर पडलो तर झाडं संपलेली, डोंगर उघडे, आभाळ वेगळंच निळं. गाडीत कुणी काही बोललं नाही.

बोगद्याने दवाखाना जवळ आला, मुलींचं कॉलेज जवळ आलं. बटाटा आणि मटार बाजारात लवकर पोहोचू लागला. लाहौलच्या शेतकऱ्यांनी १९६६ सालीच बटाट्याची सहकारी संस्था काढली होती. तिथल्या बियाण्याच्या बटाट्याला लांबून मागणी असते. पण त्याच बोगद्यातून गाड्यांची रांग आली, प्लास्टिक आलं, हॉटेलं आली. लाहौलमधली महिला मंडळं आधीपासून गावच्या जंगलाची राखण करत आलीत, चोरून झाड तोडलं तर दंड लावतात. आता त्यांच्यामागे कचऱ्याचीही राखण लागली आहे.

आणि हॉटेलं आली, तशी जमिनीला किंमत आली. इथे थांबायला हवं. ही जमीन कुणाच्या नावावर? लाहौलचे लोक अनुसूचित जमातीत मोडतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, केंद्र सरकारने तशी वेगळी अधिसूचना काढावी लागते. तिथल्या रूढीप्रमाणे बापाची जमीन मुलांकडे जाते, मुलींकडे नाही. नवरे व्यापाराला गेले तेव्हा जी शेतं बायकांनी पिकवली, त्याच शेतांवर आज रस्त्यामुळे चार पैसे मिळायला लागले, आणि सातबाऱ्यावर लेकीचं नाव नाही. तिथल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला आहे. आपल्याकडे १९९४ साली राज्याने आणि २००५ साली केंद्राने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी आपल्या आदिवासी बहिणींची स्थिती लाहौलच्या बायांसारखीच आहे. आणि बाकीच्या आपण? हक्क कागदावर आला, पण भावाला नको कसं म्हणायचं म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची साडी घेऊन येतो. हे लाहौलच्या बायांना आम्ही सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत.

केलाँग सोडलं, की जिस्पा, दारचा आणि मग चढ बारालाचाचा, सोळा हजार फूट. इथे आमच्यातल्या दोघींचं डोकं दुखायला लागलं, एकीला उलट्या झाल्या. हवा विरळ असते, पाच पावलं भरभर चाललं तरी दम लागतो. आम्ही गाडीत बसलेल्या. १९४८ साली याच खिंडीतून माणसं पायी गेली, तीही लढायला.

तो प्रसंग असा. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लेहवर हल्ला होण्याची भीती होती आणि तिथे सैन्य जवळपास नव्हतंच. लाहौलचेच असलेले पृथ्वीचंद हे लष्करी अधिकारी चाळीसेक जवान घेऊन फेब्रुवारीच्या बर्फात श्रीनगरकडून झोजी ला ओलांडून मार्चमध्ये लेहला पोहोचले. त्यांच्याबरोबर गेलेले इंजिनियर सोनम नोर्बू यांनी तिथल्या लोकांना हाताशी धरून विमानासाठी धावपट्टी तयार केली, आणि २४ मे १९४८ रोजी तिच्यावर पहिलं विमान उतरलं. त्या उन्हाळ्यात मनालीकडूनही गुरखा जवान खेचरांवर सामान लादून रोहतांग आणि बारालाचा पार करत लेहला गेले. लेह वाचलं. पृथ्वीचंदांना महावीरचक्र मिळालं. डोंगरातल्या माणसाला बर्फ कुठे पोकळ आणि कुठे घट्ट हे ठाऊक होतं, म्हणून हे झालं.

पुढे १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली. १९६२ चं चीनशी युद्ध झालं आणि सीमेपर्यंत रस्ते नसतील तर काय होतं, हे देशाला कळलं. तिबेटची सीमा बंद झाली, मीठ-लोकरीचा जुना व्यापार संपला. खेचरांची वाट जाऊन लष्करी गाड्यांचा रस्ता होऊ लागला. साध्या प्रवाशांसाठी मनाली-लेह रस्ता खुला झाला तो १९८९ साली. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या वयाचाच तो आहे.

हा रस्ता एकदा बांधून संपत नाही. दरवर्षी बर्फ तो मोडतो आणि दरवर्षी माणसं तो पुन्हा करतात. सरचूला तंबूत रात्र काढून निघालो आणि गाटा लूप्स नावाची एकवीस वळणं चढलो. वळणावळणाला मजूर दिसत होते. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळ्यांना स्वस्तातला गॉगल, पिंपात डांबर उकळतंय, धूर नाकातोंडात जातोय. कुठले म्हणून विचारलं, तर बहुतेक झारखंडचे, दुमका जिल्ह्याचे. काही बिहारचे, काही नेपाळचे. उन्हाळ्यात यायचं, बर्फ पडायच्या आत परतायचं. केलाँगच्या बाजूला खडी फोडणाऱ्या बायकाही दिसल्या, आणि बाजूला दगडाच्या आडोशाला छत्रीखाली निजवलेलं मूल. २०२० च्या टाळेबंदीत असेच साठ मजूर लडाखमध्ये अडकले होते. झारखंड सरकारने २९ मे २०२० रोजी त्यांना विमानाने लेहहून रांचीला आणलं. एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसणारे हे लोक तेव्हा एक दिवस बातमीत आले. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून खास रेल्वे सुटली आणि शेकडो मजूर पुन्हा सीमेच्या रस्त्यांवर गेले. दुसरं काम कुठे होतं?

खडी फोडणाऱ्या त्या बायका पाहून आमच्यातल्या आजी म्हणाल्या, हे तर बहात्तर साल. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातले कितीतरी रस्ते आणि तळी बायकांच्या हातांनी झाली. आजी तेव्हा नव्या नवरी. दिवसभर खडी फोडायची, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढायचे, तान्हं मूल बाभळीला झोळी बांधून निजवायचं. त्या कष्टातूनच महाराष्ट्रात रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामावर सावली, पाणी, पाळणा मागायचा आणि गड्याइतकीच मजुरी मागायची, हे आपल्या बाया त्या कामांवर शिकल्या. दुमक्याहून आलेल्या बाईला एवढ्या उंचीवर हे कुणाकडे मागायचं, तेच कळत नसेल. तिचं गाव हजार कोसांवर, भाषा वेगळी, मुकादम सांगेल तोच कायदा.

रस्त्याच्या कामात बाई फक्त खडीपाशीच राहिली, असं मात्र आता नाही. २०२१ साली आपल्या वर्ध्याच्या वैशाली हिवसे या इंजिनियर सीमा सडक संघटनेच्या रस्ते बांधणाऱ्या तुकडीच्या प्रमुख झाल्या. अशा तुकडीची सूत्रं हाती घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांचं काम उत्तराखंडात, चीनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आपल्या मुलींना हे जरूर सांगा. आणि हेही सांगा, की प्रमुख बाई झाली म्हणून खडी फोडणाऱ्या बाईचं मूल आपोआप पाळण्यात जात नाही. दोन्ही गोष्टींसाठी वेगवेगळं झटावं लागतं.

शेवटचा टप्पा मोरे मैदानाचा. पंधरा हजार फुटांवर चाळीसेक किलोमीटर सपाट माळ, आपल्या माणदेशासारखाच, पण दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर. इथून जवळ त्सो कार नावाचं खारं तळं आहे. चांगपा मेंढपाळ त्याच्या काठचं मीठ गोळा करून खाली धान्याच्या बदल्यात द्यायचे. पुढे आयोडीनचं पुडीतलं मीठ ट्रकने आलं आणि ती देवघेव संपली. चांगपा अजूनही शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरतात, याकच्या केसांचे तंबू घरीच विणतात. मग तांगलांग ला, साडेसतरा हजार फूट, म्हणजे तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी वर उरेल. तिथे आम्ही दोन मिनिटंच उतरलो. तिथून उतरलो ते सिंधू नदीच्या काठाने लेहला.

खिंडींमध्ये पिवळ्या पाट्या आहेत, उंची लिहिलेल्या. रस्ता करताना मेलेल्या जवानांची आणि अधिकाऱ्यांची स्मारकं आहेत, आम्ही तिथे हात जोडले. मेंढ्यांवर मीठ लादणाऱ्यांची, शेत राखणाऱ्या बायांची, दुमक्याच्या मजुरांची पाटी मात्र आम्हाला कुठे दिसली नाही.

आपल्या गावच्या रस्त्यावरही पाटी असते, निधी कुणाचा, उद्घाटन कुणी केलं. खडी कुणी फोडली ते नसतं. म्हणून आमची विनंती अशी. पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाला, की गावातल्या एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या आजींना बोलवा. बहात्तर साली त्या कोणत्या कामावर होत्या, मजुरी किती मिळाली, मुकादम कसा होता, मूल कुठे ठेवायच्या, हे विचारा. बैठकीच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवा, आजींच्या नावासह. अशा आजी आता थोड्याच उरल्यात. वह्या आल्या, की त्यातलं आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू.